बघूचं गणित

जर्मन माणसाला जेवायला बोलावलं की तो आधी डायरी उघडतो. तीन आठवड्यांनंतरचा शनिवार, साडेसहाची वेळ, माणसं दोन, त्यातलं एक शाकाहारी, हे सगळं तो पेनाने लिहितो. पेन्सिलीने नव्हे. त्या शनिवारी साडेसहाला दारात दोन माणसं उभी असतात आणि त्यातलं एक शाकाहारी असतं. गणितात अशा गोष्टीला स्थिरांक म्हणतात.

मराठी माणसाला “येताय ना?” विचारलं की तो म्हणतो, “बघू.”

लाइप्झिशमधल्या आमच्या लहानशा मराठी मंडळाच्या गणपतीला किती माणसं जेवायला येणार, याचं वेबपान करायचं काम माझ्याकडे आलं. मी पोटापाण्यासाठी प्रोग्रॅमिंग करते, एवढाच माझा गुन्हा. “तुला काय, दोन बटणं तर टाकायची,” सेक्रेटरीदादा म्हणाले. एक ‘येणार’चं, एक ‘नाही’चं. आमच्या मंडळात आजवर ‘नाही’ असं कुणीही म्हटलेलं नाही. जे आले नाहीत तेसुद्धा “येणारच होतो” असंच म्हणतात. तेव्हा ते बटण वाया जाणार हे मला दिसतच होतं. खरी गर्दी तिसऱ्या बटणावर होणार होती, आणि ते नेमकं दादांच्या आराखड्यात नव्हतं.

मी पान हास्केलमध्ये लिहायचं ठरवलं. हास्केल ही सोवळ्यातली भाषा. फंक्शनने पुढ्यात आलेलं घ्यायचं, उत्तर द्यायचं, आजूबाजूच्या कशालाही हात लावायचा नाही. तेच विचारलं तर हजार वेळा तेच उत्तर. पडद्यावर काही उमटवणं, फाइल लिहिणं असली ओवळ्यातली कामं वेगळ्या खोलीत. भाषेचं नाव हास्केल करी या अमेरिकन तर्कशास्त्रज्ञाचं. त्याने डॉक्टरेट मिळवली ती इथल्याच ग्योटिंगेनला, गणितज्ञ हिल्बर्टच्या हाताखाली, 1930 साली. अनेक गोष्टी मागणाऱ्या फंक्शनला त्या एकदम न देता एकेक करून द्यायच्या, या युक्तीला त्याच्या नावावरून ‘करींग’ म्हणतात. वास्तविक मोझेस श्योनफिंकेलने ती त्याच ग्योटिंगेनमध्ये डिसेंबर 1920 मधल्या एका व्याख्यानात मांडली होती. राबला एक, नाव दुसऱ्याचं. मंडळाच्या कार्यकारिणीत वर्षभर काढलेल्या कुणालाही याचं नवल वाटू नये. आणि युक्ती म्हणाल, तर आमच्या काकू ती जन्मजात वापरतात. माणसं किती ते सोमवारी सांगतात, त्यातली मुलं किती ते बुधवारी, आणि एकाचा उपास आहे हे आदल्या रात्री.

नेहमीच्या पद्धतीने पान लिहायचं तर मला यंत्राला हुकूम सोडत बसावं लागलं असतं. काकूंचा फोन आला की माणसांचा आकडा बदल. मग मोदकांचा बदल, नारळांचा बदल, खुर्च्यांचा बदल. यातला एक हुकूम राहिला की खुर्च्या आहेत आणि नारळ नाहीत. फंक्शनल रिॲक्टिव्ह पद्धतीत हुकूम नाहीत, नाती आहेत. मोदक म्हणजे माणसं गुणिले पाच, एवढं एकदा लिहायचं. पुढे माणसं हलली की मोदक आपोआप हलतात.

कोनाल एलियट आणि पॉल ह्युडाक या दोघांनी 1997 साली ॲनिमेशनबद्दलच्या एका निबंधात हे मांडलं. त्यांच्या मते जगात दोनच गोष्टी. एक इव्हेंट, म्हणजे ठरावीक क्षणी घडून जाणारं काहीतरी: फोन वाजला, बटण दाबलं. दुसरी बिहेव्हियर, म्हणजे काळाबरोबर बदलत राहणारी किंमत, जी कुठल्याही क्षणी विचारली तरी तिला काहीतरी उत्तर असतंच. हे वाचलं आणि या दोन अमेरिकनांनी मराठी पाहुण्याचा इतका खोल अभ्यास कुठे केला असेल, या विचाराने मी थक्क झाले. “येणार का?” याचं मराठी उत्तर ही एक किंमत नाहीच. ते काळाचं फंक्शन आहे! सकाळी ‘बघू’, दुपारी ‘येतोय की’, संध्याकाळी ‘यांचं जरा डोकं दुखतंय’. एल्म नावाच्या भाषेची उभारणी याच कल्पनेवर झाली होती, पण 2016 साली तिने ही पद्धत सोडून दिली. तिच्या कर्त्याकडे गणपती बसत नसणार.

पान बांधायला घेतली ती थ्रीपेनी नावाची हास्केल लायब्ररी. प्रोग्रॅम आपल्या संगणकावर चालतो आणि ब्राउझर नुसता पडद्याचं काम करतो. हे नाव ऐकून मंडळात एकच माणूस हलला, ते म्हणजे काका. काका पुण्याचे, मुलाकडे राहायला आलेले. “थ्रीपेनी? म्हणजे आपला तीन पैशाचा तमाशा!” आणि मग ब्रेख्तचं नाटक 1928 साली बर्लिनला कसं आलं, पुलंनी ते मराठीत कसं आणलं, थिएटर अकॅडमीने 1978 साली ते जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली कसं उभं केलं, हे सगळं अर्धा तास. शेवटी मी विचारलं, “काका, शनिवारी येताय ना?”

“बघू,” काका म्हणाले.

हास्केलचा कंपायलर चौकस. उत्तराचे तीन प्रकार मी जाहीर केले होते, हो, नाही आणि बघू. पण माणसं मोजताना पहिल्या दोघांचाच हिशेब लिहिला, तर त्याने लगेच इशारा दिला की तिसऱ्याचं काय ते सांगा. मंडळाच्या इतिहासात हा प्रश्न इतक्या स्पष्टपणे कुणीच विचारला नव्हता. मी जुन्या जाणत्यांना विचारलं. कुणी म्हणालं, बघू म्हणजे येतातच. कुणी म्हणालं, येतात, पण जेवून येतात. अखेर बैठकीत ठराव झाला: बघू म्हणजे अर्धा माणूस. अर्धा माणूस पूर्णांकात बसेना, म्हणून मी प्रकार बदलून अपूर्णांक घेतले. हास्केलमध्ये ते अगदी काटेकोर असतात, दशांशाची घासाघीस नाही.

शुक्रवारपर्यंत बहुतेक बघूंचे हो झाले. काकूंनी फोन करून सांगितलं, “माझं नक्की गं. यांचं बघू.” पाठोपाठ सेक्रेटरीदादांचा फोन. आवाज चढलेला.

“अगं, मोदक चारशे पस्तीस टक्के? म्हणजे कशाच्या?”

हास्केल अपूर्णांक छापताना मधे आडव्या रेघेऐवजी टक्क्याचं चिन्ह टाकतं. पडद्यावर माणसं होती ‘87 % 2’ आणि मोदक ‘435 % 2’. मी समजावलं, की माणसं साडेत्रेचाळीस आणि मोदक दोनशे साडेसतरा. “अर्धा मोदक मी खाईन,” दादा म्हणाले, “पण हॉलवाल्याला काय सांगायचं?”

हॉलच्या हाऊसमाइस्टरला खुर्च्यांसाठी आणि आग लागली तर बाहेर पडायच्या वाटांसाठी माणसांचा पक्का आकडा हवा होता. तो फॉर्म घेऊन आला. मी पडदा त्याच्याकडे वळवला आणि खरं ते सांगितलं: त्रेचाळीस आणि एक अर्धा. तो हसला नाही, दचकलाही नाही. फॉर्ममध्ये पेनाने 43 लिहिलं आणि खालच्या, लहान मुलांच्या रकान्यावर पेन टेकवलं.

“मूल किती वर्षांचं आहे?”

“अडुसष्ट,” मी म्हटलं.