आडव्या पडद्याचं टेबल होतं

मराठी घरात सपाट जागा रिकामी राहत नाही. फ्रीजवर औषधं, शिवणयंत्रावर इस्त्रीचे कपडे, वॉशिंग मशीनवर वॉशिंग मशीनमध्ये जायचे कपडे. अशा घरात मी चित्रं काढायला ३२ इंची पेन डिस्प्ले आणला आणि जवळजवळ आडवा मांडला. आईनं पहिल्याच दिवशी त्यावर पालकाची जुडी सोडली. "खालून उजेड आहे, अळी लगेच दिसते," असं तिचं म्हणणं.

पालकानं काही बिघडत नाही. बिघडतं ते नंतरच्या ओल्या फडक्यानं. हा पडदा पाण्यालाही अधूनमधून बोट समजतो. दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावरच्या बाईच्या नाकात मी नथ घालत होतो. फडकं फिरलं आणि नथीनं अख्खा पडदा व्यापला. पुन्हा फिरलं आणि बाई उलटी झाली. "पुसल्यावर बरी दिसते," आई म्हणाली.

पेन मात्र गुणी. त्यात सेल नाही, वायर नाही. पडद्यामागे तारांची बारीक जाळी असते. तिच्या चुंबकीय क्षेत्रातून पेनातल्या गुंडाळीला वीज मिळते आणि तेवढ्यावर पेन आपला ठावठिकाणा आणि हाताचा दाब कळवतं. दाबाच्या ८१९२ पायऱ्या त्याला कळतात. एवढ्या पायऱ्या पर्वतीलाही नाहीत! माझ्या हाताला त्यातल्या तीनच जमतात: हलकी, जड आणि संपादकांचा फोन येऊन गेल्यावरची.

१९६३ साली एमआयटीत इव्हान सदरलंड यांनी 'स्केचपॅड' केलं, तेव्हा प्रकाशपेन थेट काचेवर धरून रेघ ओढावी लागे. उभ्या काचेपुढे असा हात धरला की खांदा भरून येतो. म्हणून काच आडवी करणं शहाणपणाचंच. पण आडवी केली की तिचं टेबल होतं, आणि टेबल म्हटलं की माणसं आलीच. मायक्रोसॉफ्टनं २००७ मध्ये ३० इंची 'सरफेस' टेबल जाहीर केलं, त्यात तर चौघांनी भोवती बसून एकदम हात लावावा हीच कल्पना होती. वर काय ठेवलंय ते बघायला त्याच्या पोटात पाच कॅमेरे होते. आमच्याकडे हे काम शेजारच्या काकू एकट्या करतात.

बाबा निवृत्त ड्राफ्ट्समन. सगळा जन्म ट्रेसिंग पेपर आणि रॉटरिंगच्या पेनांत गेला. ते बसले, प्लास्टिकचा सेटस्क्वेअर काचेवर ठेवला आणि त्याच्या कडेनं पेन असं चालवलं, की मला माझ्या सगळ्या रेघा तंबाखू खाऊन काढल्यासारख्या वाटल्या. एक रेघ किंचित पुढे गेली. मी 'अन्डू'चं बटण दाखवणार, तोवर त्यांनी खिशातून अर्धं ब्लेड काढलं. चुकलेली रेघ खरवडायची, हा त्यांचा चाळीस वर्षांचा धर्म. मी काचेवर आडवा पडलो. टेकलेल्या तळहाताकडे दुर्लक्ष करायची सोय या यंत्रात असते. अख्ख्या चित्रकाराकडे करायची नसते. त्या गोंधळात मुखपृष्ठाचे तीन थर इकडचे तिकडे झाले. ते एका बटणात परत आले, हे पाहून बाबा म्हणाले, "मग तुम्ही लोक विचार कधी करता?"

तुम्ही असा डिस्प्ले घेणार असाल तर रंग, आकार, किंमत काय ते पाहा. पण स्टँड वाटी घसरेल इतका तिरका होतो ना, हे दुकानातच करून पाहा. जाताना वाटी घरूनच न्या.