शेजाऱ्याची नको, मेस्सीची हवी

वडाळ्यातलं मूल दहा वर्षांचं होईपर्यंत त्याच्या कानावर किती भाषा पडतात, मोजा. घरात मराठी, लिफ्टमध्ये हिंदी, शाळेत इंग्रजी. समोरच्या दारातून तमिळ, कारण माटुंगा-वडाळ्यात दाक्षिणात्य वस्ती कितीतरी पिढ्यांची. गणपतीत राम मंदिराच्या रांगेत कोकणी, वाण्याच्या गल्ल्यावर कच्छी, अँटॉप हिलच्या पलीकडे पंजाबी. हे सगळं फुकट, क्लास न लावता, बस न लावता.

तरीही शाळेचा फॉर्म आला की नव्या टॉवरांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न फिरू लागतो. 'सेकंड लँग्वेज काय घेताय? स्पॅनिश की चायनीज?'

सेकंड! पोर सात भाषांत शिव्या ओळखतं आणि आपण आठवीला दुसरी म्हणतो. वडाळ्यात फुकटची भाषा मोजायची पद्धतच नाही. पावती फाटली तरच ती भाषा.

बरं, हा प्रश्न विचारणारे सगळे उत्तर ठरवूनच विचारतात, आणि ते उत्तर स्पॅनिश असतं. कारणं तीन. पहिलं, 'स्कोअरिंग आहे.' दुसरं, 'वीस देशांत चालते.' तिसरं कुणी उघड सांगत नाही, पण पोराच्या अंगावरच्या बार्सिलोनाच्या जर्सीवर छापलेलं असतं. 14 डिसेंबर 2025 ला मेस्सी वानखेडेवर येऊन गेला, तेव्हापासून तर स्पॅनिशला कुलदैवतही मिळालं.

वीस देश खरे आहेत. पण त्यांपैकी कुठल्या देशात मुलाला पाठवायचंय, असं पाच उद्यानांच्या कट्ट्यावर सहज विचारून पाहा.

"काका, पाठवायचंय कॅनडाला."

"मग स्पॅनिश कशाला?"

"प्रोफाइल चांगलं दिसतं ना!"

म्हणजे भाषा बोलण्यासाठी नाहीच, दिसण्यासाठी आहे. दिसायचंच असेल तर स्पॅनिश गोरी आहे, हे कबूल करावं लागेल.

चिनीचं नाव काढलं की तोच कट्टा गंभीर होतो. एक, अवघड. दोन, देशाचा प्रश्न आहे. वडाळ्याला चिनी चालते ती फक्त गाडीवरची, शेजवान चटणी वेगळी मागून. त्यातलं मंचुरियन तर चीनचं नाहीच. नेल्सन वाँग यांनी ते 1975 मध्ये चर्चगेटच्या क्रिकेट क्लबात केलं, असं सांगतात. चीनशी इतका घरोबा आपल्याला पुरतो.

आता अवघडपणाकडे वळू. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची स्वतःची भाषाशाळा आहे. तिचा हिशेब असा: कामापुरती स्पॅनिश यायला वर्गातले 600 ते 750 तास, चिनी यायला 2200 तास. हे आकडे कट्ट्यावर वेदवाक्यासारखे फेकले जातात. पण ते कुणाच्या जिभेचे? फक्त इंग्रजीत वाढलेल्या अमेरिकन माणसाच्या. वडाळ्याच्या जिभेचं मोजमाप अजून कुणी घेतलेलं नाही.

ते घेतलं तर गंमत होईल. चिनीत प आणि फ, त आणि थ, क आणि ख असे जोडीजोडीने वेगळे ठेवावे लागतात. अमेरिकन माणूस तिथे घामाघूम होतो आणि आपलं पोर बालवाडीत ते बाराखडीसकट म्हणतं. चिनीत दातांमागून येणारा एक च आहे. तो इंग्रजीला जमत नाही, हिंदीच्याही तोंडात नीट बसत नाही. मराठी माणूस तो दिवसभर फुकट वापरतो, 'चाक' म्हणताना आणि 'चमचा' म्हणताना. चिनी क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलत नाही, काळाप्रमाणे बदलत नाही, लिंगाप्रमाणे तर नाहीच. खुर्ची ती आणि टेबल ते, ही जी शिक्षा आपण मराठी शिकणाऱ्याला देतो, तसली शिक्षा चीन कुणाला देत नाही. स्पॅनिश देते. तिथे टेबलालाही लिंग आहे आणि क्रियापद माणसागणिक रूप पालटतं.

स्पॅनिशलाही न्याय देऊ. दोनच लिंगं, आपल्यापेक्षा एक कमी. कर्ता गाळून नुसतं 'येतो' म्हणण्याची आपली सवय तिथेही चालते. लिपी रोमन, लिहिलं तसं बहुतेक वाचायचं. आणि चिनीची लिपी म्हणजे खरंच डोंगर आहे. साधं वर्तमानपत्र वाचायचं तर अडीच-तीन हजार चिन्हं डोक्यात हवीत. वर चार सूर. सूर चुकला की आई म्हणायला जावं आणि घोडा निघावा. तेव्हा चिनी सोपी आहे असं माझं म्हणणं नाही. तिच्यातलं जे अवघड म्हणून घाबरवतात त्यातलं निम्मं आपल्या तोंडात आधीच आहे, एवढंच म्हणणं आहे.

आता देशाचा प्रश्न. नव्या शैक्षणिक धोरणाचा मसुदा 2019 मध्ये आला. शाळांत शिकवता येतील अशा परदेशी भाषांच्या यादीत तेव्हा स्पॅनिश होती आणि चिनीही होती. 29 जुलै 2020 ला अंतिम धोरण आलं. त्यात कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन अशा आठ भाषांची नावं आहेत. चिनी गायब. कारण धोरणात लिहिलेलं नाही, पण तारखा बोलतात. गलवानची चकमक 15 जून 2020 ची. 29 जूनला 59 चिनी ॲपवर बंदी आली. महिन्याभरात भाषाही यादीतून उतरली. जणू तीही साठावं ॲप.

त्याच जूनमध्ये वडाळ्याच्या मोनोलाही झळ लागली. दहा नव्या गाड्यांसाठी बोली लावणाऱ्या दोन्ही कंपन्या चिनी होत्या. एमएमआरडीएने निविदाच रद्द केली आणि काम पुढे देशी कंपनीकडे गेलं. उत्तम झालं. गाडी आपल्याकडे होत असेल तर बाहेरून कशाला आणायची? पण चिनी भाषा इथे तयार होत नाही, आणि तिला देशी पर्याय नाही.

मुंबई विद्यापीठात चिनी शिकवणारी कन्फ्युशियस इन्स्टिट्यूट होती. 2020 मध्ये केंद्राने देशभरातल्या अशा संस्थांची तपासणी करायचं ठरवलं. संशय रास्त होता, कारण दुसऱ्या सरकारच्या पैशावर चालणारा वर्ग तपासायलाच हवा. तपासा, बंद करा. मग आपल्या पैशाने, आपल्या शिक्षकांचा वर्ग काढा. वर्ग संशयास्पद होता म्हणून भाषाच संशयास्पद, हे कुठलं तर्कशास्त्र?

लष्कराचं तर्कशास्त्र यापेक्षा सरळ आहे. 2023 मध्ये भारतीय लष्कराने तेजपूर विद्यापीठाशी करार केला, जवानांना चिनी शिकवण्यासाठी. सीमेवर समोरासमोर उभा राहणाऱ्याला ती भाषा यायला हवी, हे त्यांना कळतं. वडाळ्यात सुरक्षित सोफ्यावर बसलेल्याला मात्र ती शिकण्यात देशद्रोहाचा वास येतो. देशभक्तीचं हे असंच असतं, सीमेपासून जितकं लांब जावं तितकी ती कडक होत जाते.

चीनने काय केलं तेही पाहा. 1962 मध्ये युद्ध झालं. 1963 मध्ये पेकिंगच्या सरकारी रेडिओने तमिळ कार्यक्रम सुरू केले. युद्धाला वर्षही उलटलं नव्हतं आणि ते भारताची एक भाषा शिकून मायक्रोफोनसमोर बसले! वडाळ्यातल्या एखाद्या म्हाताऱ्या तमिळ आजोबांना विचारा, शॉर्टवेव्हवर काटा फिरवताना त्यांनी ते ऐकलंही असेल. भांडण झाल्यावर समोरच्याची भाषा शिकायची असते की विसरायची, यावर दोन देशांची दोन मतं आहेत. कोणाचं मत कोणाला किती महागात पडलं, ते व्यापाराच्या तक्त्यात दिसतं. 2024-25 मध्ये आपण चीनकडून 113 अब्ज डॉलरहून जास्त माल घेतला आणि त्यांना विकला 14 अब्जांच्या आसपास. इतकं गिऱ्हाईक होऊनही आपण भाव करतो तो दुभाषा लावून.

कुणी म्हणेल, मराठी माणसाचा आणि चिनीचा संबंध काय? वडाळ्याहून परळ किती लांब? तिथल्या जी. एस. मेडिकल कॉलेजात सोलापूरचा द्वारकानाथ कोटणीस शिकला. 1938 मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात तो होता. आघाडीवर जखमींना टाके घालता घालता चिनी शिकला, त्या भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागला, शस्त्रक्रियेचं पाठ्यपुस्तक लिहायला घेतलं. डिसेंबर 1942 मध्ये, वयाच्या 32व्या वर्षी गेला. त्याच्यावर 1946 मध्ये शांतारामबापूंनी सिनेमा काढला, तोही परळच्या राजकमलमधून. 1954 मध्ये नेहरू पेकिंगला गेले तेव्हा दुभाषा म्हणून वसंत परांजपे होते. 2018 ते 2020 या काळात परराष्ट्र सचिव असलेले विजय गोखले उत्तम चिनी जाणतात. चिनी ही आपल्याला परकी आहे, असं म्हणायला निदान या तिघांनी तरी जागा ठेवलेली नाही.

मराठी माणसाने स्पॅनिशही सोडलेली नाही. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे, गदर चळवळीतले क्रांतिकारक. इंग्रज मागावर, मायदेशाचं दार बंद. 1920 च्या दशकात मेक्सिकोत पोचले, चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवू लागले, मक्याच्या वाणांवर संशोधन केलं. शिकवणं अर्थातच स्पॅनिशमधून. चित्रकार दिएगो रिव्हेराने मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर जी चित्रं रंगवली, त्यात खानखोजे आहेत. 2022 मध्ये चापिंगोत त्यांचा पुतळा बसला. मेक्सिकोच्या मंत्रालयात भिंत मिळवणारा वैदर्भीय वडाळ्याच्या किती घरांत ठाऊक आहे? मेस्सीचा वाढदिवस मात्र तोंडपाठ.

यांच्यापैकी कोटणीस आणि खानखोजे यांना भाषा निवडायचा फॉर्म कुणी दिलाच नव्हता. एकासमोर जखमी सैनिक होते, दुसऱ्यासमोर मक्याचं शेत. काम समोर उभं राहिलं आणि भाषा त्याच्या मागोमाग आली. आपल्याकडे उलटं आहे. काम ठरलेलं नाही, माणूस ठरलेला नाही, देशही ठरलेला नाही, पण भाषा ठरलेली आहे आणि तिचे हप्ते सुरू झालेत.

आणि हे सगळं आपण कुठल्या राज्यात करतोय? 29 जून 2025 ला पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेचे शासन निर्णय सरकारला मागे घ्यावे लागले, इतका गदारोळ झाला. पहिलीच्या पोरावर भाषांचं ओझं नको, असं आपण ठासून सांगितलं. बरोबरच सांगितलं. पण मोर्च्याचं स्टेटस ठेवणारी तीच बोटं दुसऱ्या मिनिटाला स्पॅनिशच्या क्लासची चौकशी करत होती. सरकारने लादलं तर ओझं, आपण लादलं तर एक्स्पोजर. अकरावीला मराठी सोडून फ्रेंच किंवा आयटी घेणारेही आपलेच, कारण तिथे गुण सुटत नाहीत. मराठीला 3 ऑक्टोबर 2024 ला अभिजात दर्जा मिळाला म्हणून पेढे वाटणारेही आपलेच.

तेव्हा या सदराचा निकाल ऐका.

मूल खरंच फुटबॉल खेळत असेल, नुसती जर्सी घालत नसेल, तर स्पॅनिश घ्या. त्याला पुस्तकं वाचायची असतील तरी घ्या, तिथे वाचायला जन्म पुरणार नाही. पण 'सोपी आहे' म्हणून घेऊ नका. सोप्या गोष्टीसाठी पोराचं बालपण महाग आहे.

घरात धंदा असेल आणि माल चीनहून येत असेल तर चिनी घ्या, उद्यापासून. पण मुलाला नको, आधी बापाला बसवा वर्गात. कंटेनर बापाचा अडकतो, पोराचा नाही. पोराला परराष्ट्र खात्यात, संशोधनात, पत्रकारितेत जायचं असेल तर चिनीला पर्याय नाही. ती जाणणारी माणसं देशाला हवी आहेत आणि शाळांच्या यादीने त्यांची वाट लांब करून ठेवली आहे. गर्दी स्पॅनिशच्या दारात आहे, जागा चिनीच्या.

पैसा आणि वेळ दोन्ही नसेल तर समोरच्या तमिळ आजींकडे रोज अर्धा तास बसा. शेजार, भाषा आणि फिल्टर कॉफी, तिन्ही एका दारात.

आणि नुसते गुणच हवे असतील तर दोन्हींतली कुठलीही घ्या. परीक्षेनंतर विसरायला स्पॅनिश आणि चिनी, दोन्ही सारख्याच सोप्या आहेत.