झगमगाटाचा अर्थसंकल्प

विरारच्या फुलपाड्यातल्या होतकरू संगणक-जुळवणाऱ्यांचे करावे तेवढे कौतुक थोडेच. पहिलाच पीसी, खिसा बेताचा. तरी प्राधान्यक्रम किती पक्का! आधी काचेचा कॅबिनेट आणि रंग बदलणारे पंखे. मग ग्राफिक्स कार्ड. उरलेल्या चिल्लरीत एसएमपीएस. सगळ्या पार्ट्सना वीज तोच पुरवतो हे खरे, पण तो तळाशी झाकलेला असतो; न दिसणाऱ्या वस्तूवर खर्च करणे म्हणजे उधळपट्टीच. २०, ५० आणि १०० टक्के भारावर किमान ८० टक्के कार्यक्षमता तपासून मिळणारे ‘८० प्लस’ प्रमाणपत्र हवे कशाला? मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या डब्यावर ‘५०० वॅट’ ठळक छापलेले आहे, आणि छापील मजकुरावर अविश्वास दाखवणे सुसंस्कृत माणसाला शोभत नाही. शिवाय बिल न घेतल्याने १८ टक्के जीएसटी वाचतो. वॉरंटी तोंडी असते. ती हरवण्याची भीती नाही.

हे तत्त्व केवळ संगणकापुरते का ठेवावे? इमारतीचा पायाही दिसत नाही. तिथली बचत दर्शनी काचांवर आणि रोषणाईवर सहज वळवता येईल. तशी रीतसर सूचना आम्ही करणारच होतो; पण वसई-विरारमध्ये ती द्यायला आम्हाला फार उशीर झाला, असे शेजारी म्हणतात.