दोन गळे, एक तीळ

काही गाणी एकट्याने गुणगुणायच्या कामाची नसतात. जपानच्या ‘द पीनट्स’ या जोडीची तर बहुतेक सगळीच. भांडी विसळताना ‘कोइ नो बाकान्सु’ची चाल ओठांवर येते. आपण वरचा आवाज धरतो. दोन ओळी झाल्या की वाटतं, खरी गंमत खालच्या आवाजात आहे. म्हणून खाली उतरावं, तर वरचा खुणावायला लागतो. भांडी संपतात, गाणं निम्मंच गाऊन होतं.

एमी आणि युमी इतो या जुळ्या बहिणी. 1941 साली आइची प्रांतात जन्मल्या आणि 1959 मध्ये त्यांची पहिली रेकॉर्ड निघाली. दिसायला अगदी एकसारख्या, फक्त एमीच्या डाव्या डोळ्याजवळ एक तीळ होता. तेवढाही फरक नको म्हणून युमी त्याच जागी रंगाने तीळ काढायची. आपल्याकडे तीट लावतात ती दृष्ट लागू नये म्हणून. इथे ती लावायची ती पाहणाऱ्याची दृष्टी फसावी म्हणून!

गळ्यांना मात्र असा रंग लावावा लागला नाही. आवाजाची जातच एक. त्यामुळे दोघी वेगवेगळे सूर लावतात तेव्हा सांधा कुठे आहे तेच कळत नाही. लता आणि आशा एकत्र गायल्या की आपला अर्धा आनंद ‘ही लता, ही आशा’ असं ओळखण्यात असतो, आणि त्यात आपण कधी चुकत नाही याचा अभिमान असतो तो वेगळाच. पीनट्सच्या बाबतीत हा खेळ चालत नाही.

शिवाय आपल्या कानांना एकत्र गाणं म्हणजे एकच सूर लावणं, हेच वळण. भजनी मंडळात एखाद्याचा सूर जरा बाजूला गेला की बुवा टाळ वाजवता वाजवता असे बघतात की तो पुढचा अभंग नुसते ओठ हलवून काढतो. या दोघींनी मात्र बाजूच्या सुरावरच संसार उभा केला. ‘कोइ नो बाकान्सु’ 1963 सालचं. संगीत हिरोशी मियागावा यांचं, शब्द तोकिको इवातानी यांचे. उन्हाळ्याच्या सुट्टीतलं प्रेम, मागे जॅझच्या वळणाचा ठेका, आणि एकीच्या सावलीसारखी दुसरी. गाणं पुढे सोव्हिएत रशियात गेलं आणि रशियन शब्द लेवून असं काही रुळलं की तिथे कित्येकांना ते आपल्याच समुद्रकिनाऱ्याचं वाटत राहिलं. 1967 चं ‘कोइ नो फूगा’ कोइची सुगियामा यांनी बांधलेलं. पुढे ‘ड्रॅगन क्वेस्ट’ या व्हिडिओ गेमला संगीत दिलं तेच हे सुगियामा. नाव विरहाच्या गाण्याचं, पण टिंपनी अशी घुमते की प्रियकर निघून गेला याचं दुःख करायला सवडच मिळू नये.

माझं आवडतं प्रकरण मात्र ‘मोथ्रा’चं. इशिरो होंडा यांचा 1961 चा चित्रपट. दोघी त्यात फूटभर उंचीच्या पऱ्या झाल्या आहेत. एक लोभी माणूस त्यांना बेटावरून पळवून टोकियोला आणतो आणि तिकीट लावून रंगमंचावर गायला उभं करतो. गाण्याचे शब्द इंडोनेशियन वळणाचे, संगीत युजी कोसेकी यांचं. प्रेक्षक मान डोलावत ऐकताहेत. काय गोड गळे! आणि हे गोड गाणं म्हणजे प्रत्यक्षात ‘आम्हाला सोडवायला ये’ अशी एका महाकाय सुरवंटाला घातलेली साद आहे. सुरवंट समुद्र पोहून येतो, शहर तुडवतो आणि 1958 मध्येच उभ्या राहिलेल्या टोकियो टॉवरला वाकवून त्यावर कोश विणतो. शब्द न समजता नुसत्या चालीला दाद देणाऱ्या आपल्यासारख्या रसिकांनी हा प्रसंग जरूर पाहावा.

एवढ्या मोठ्या गायिका, पण टीव्हीवर स्वतःची थट्टा करून घ्यायला सदा तयार. ‘शाबोंदामा हॉलिडे’ हा त्यांचा कार्यक्रम 1961 ते 1972 चालला. पैसे एका साबणवाल्या कंपनीचे. त्यात एक ठरलेलं प्रहसन असे. आजारी बाप अंथरुणावर, दोघी मुली वाडग्यात पेज घेऊन येतात, बाप गहिवरून म्हणतो, तुम्हाला माझा किती त्रास! बापाचं काम करणारे हाजिमे हाना शेवटच्या गाण्यातही शेजारी उभे राहून काहीतरी बरळत आणि बरगडीत कोपर खात. गाणं मात्र एका मात्रेनेही ढळत नसे.

आमच्या घरी हल्ली जोडीने प्रयोग चालू आहे. बायको वरचा सूर धरते, मी खालचा. पहिली ओळ बरी जाते. दुसऱ्या ओळीत मी हळूच वर सरकतो, कारण वर गर्दी असली की आधार वाटतो. तिसऱ्या ओळीला दोघं एकाच सुरावर, आणि तोही तिचा. ‘तू माझ्या मागे मागे येऊ नकोस,’ ती म्हणते. लग्नाच्या इतक्या वर्षांनी ही अट मला कठीण जाते आहे.