पोस्टर आणि बादली

कोकणात मासे खाणाऱ्या प्रत्येकाची एक ठाम समजूत असते, की आपण मत्स्यशास्त्रज्ञच आहोत, फक्त सर्टिफिकेट आणायचं तेवढं राहून गेलं. त्यामुळे घरातल्या एखाद्या मुलीने खरोखरच ते सर्टिफिकेट आणायला घेतलं, की तिला मार्गदर्शनाची ददात पडत नाही. माझी भाची रत्नागिरीजवळ शिरगावला बी. एफ. एस्सी. करते, म्हणजे मत्स्यशास्त्राची चार वर्षांची पदवी. पहिली काही वर्षं आम्ही तिला सुखाने शिकू दिलं. त्या काळात सगळेच विषय थोडे थोडे असतात, त्यामुळे नातेवाइकांना नेमकं कुठे बोट घालावं ते समजत नाही. पण शेवटच्या वर्षी हाताने करायच्या कामासाठी एक शाखा धरावी लागते, आणि पुढे एम. एफ. एस्सी. करायची तर ती कशात, हेही त्याच सुमारास ठरवावं लागतं. हे कळलं आणि मालवणच्या घरी सभा भरली.

सभेचा मुहूर्तही नामी होता. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा काळ, शिवाय समुद्र खवळलेला. या दिवसांत मासे पाण्याखाली निवांत असतात आणि किनाऱ्यावरची माणसं खारा बांगडा आणि सुका जवळा यांवर दिवस काढत भलत्या विषयांत लक्ष घालतात. आमच्या घरात भाचीचं भवितव्य या काळात सापडलं.

सभेला माझी आई अध्यक्ष, ताई आणि भाऊजी सदस्य, आणि मी तज्ज्ञ म्हणून. माझं तज्ज्ञपण एवढंच, की मी केमिस्ट्रीत बी. एस्सी. केली आणि त्यानंतर डोंबिवलीला एका बँकेत कारकुनी केली. पण आमच्या घरात ‘सायन्सवाला’ हे पद तहहयात असतं.

भाचीने शाखा सांगितल्या. मत्स्यसंवर्धन, मत्स्यसंपत्ती व्यवस्थापन, जलीय पर्यावरण, मत्स्यप्रक्रिया, मत्स्य अभियांत्रिकी आणि विस्तार शिक्षण; या शेवटच्या शाखेत अर्थशास्त्र आणि सांख्यिकीही येतात. आई शांतपणे ऐकून घेत होती. यादी संपल्यावर तिने विचारलं, “आणि रांदूचा खंयच्यात येता?”

“रांदूचा नाय, आजी. प्रोसेसिंग आसा.”

“म्हणजे तांच,” म्हणून आईने आपलं मत प्रोसेसिंगला दिलं आणि सुपारी कातरायला घेतली.

भाऊजींचा कल वेगळा होता. त्यांनी टीव्हीवर ‘मत्स्य ६०००’ पाहिली होती. ही म्हणजे माणसं घेऊन समुद्रात ६,००० मीटर खाली जाण्यासाठी चेन्नईला घडवली जात असलेली आपली पाणबुडी. सुमारे दोन मीटर व्यासाचा टायटॅनियमचा गोल, त्यात तीन माणसं. “तीन जागा आसत मां? मगे एक आमच्या चेडवाची,” असं त्यांनी जाहीर करून टाकलं. ते काम अभियंत्यांचं आणि निवडक संशोधकांचं, बी. एफ. एस्सी.नंतर तिथे थेट भरती होत नाही, हे सांगण्याचा भाचीने प्रयत्न केला. पण ताईच्या मनात दुसराच अडसर होता. “त्या गोळ्यात संडास आसा?” तिने विचारलं. यावर कुणाकडेच माहिती नव्हती. समुद्रतळाची वाट त्या एका प्रश्नाने बंद झाली.

मला मात्र जलीय पर्यावरण पसंत पडलं, आणि त्याचं कारण शुद्ध स्वार्थ. त्या शाखेतलं मला थोडं कळतं. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन किती, हे मोजायची एक पद्धत विंकलर नावाच्या हंगेरियन रसायनतज्ज्ञाने १८८८ साली शोधली. शेवटी स्टार्च घालून टायट्रेशन करायचं, निळा रंग गेला की थांबायचं. हे मी कॉलेजात केलं होतं. त्यामुळे गंभीर आवाजात म्हणालो, “पर्यावरण घे. पुढचं शतक त्याचंच आहे.”

“मामा, बोटीवर बसून केलात कधी?” भाचीने विचारलं. मग तिने सांगितलं, की रंग जाण्याचा तो शोभेचा भाग प्रयोगशाळेत येतो. खरी कसोटी आधीच होते. नमुना घेतला की मँगनीजचं आणि आयोडाइडचं द्रावण तिथल्या तिथे बाटलीत घालावं लागतं, नाहीतर बाहेरच्या हवेतला ऑक्सिजन मिसळतो आणि आतले सूक्ष्मजीव असलेला ऑक्सिजन संपवतात. एका हातात बाटली, दुसऱ्या हातात पिपेट, पायाखाली डुलणारी बोट आणि घशापर्यंत आलेला सकाळचा चहा. बाटलीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी नमुना फुकट. वर पारदर्शकता मोजायची असते ती वेगळीच. १८६५ साली सेक्की नावाच्या इटालियन पाद्री-खगोलज्ञाने पोपच्या जहाजावरून पांढरी तबकडी पाण्यात सोडून ती कुठे दिसेनाशी होते ते पाहिलं. अजूनही जगभर तशीच तबकडी सोडतात. भूमध्य समुद्रात ती बरीच खोल जाईपर्यंत दिसते. जूनमधल्या आमच्या खाडीत मात्र ती हात भिजायच्या आत गडप होते.

इथे माझ्या लक्षात एक गोष्ट आली, आणि ती या सभेत झालेली एकमेव वैज्ञानिक प्रगती म्हणायला हरकत नाही. प्रत्येक शाखेचं एक पोस्टर असतं आणि एक बादली असते. पोस्टरवर निळं पाणी, प्रवाळ, पांढरा कोट आणि हसणारी मुलगी. बादलीत रोजचं काम. कॉलेजात, घरी, वर्तमानपत्रांच्या करिअर पुरवण्यांत सगळे पोस्टर दाखवतात. बादलीत काय आहे ते मात्र पदवी हातात पडल्यावर कळतं.

मग मी भाचीला प्रत्येक शाखेची बादली विचारायला लागलो.

संवर्धनाचं पोस्टर म्हणजे व्हनामी कोळंबी. मूळची लॅटिन अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची ही पाहुणी २००९ साली भारतात संवर्धनासाठी रीतसर दाखल झाली आणि पुढे निर्यातीत घरमालकीण झाली. आता बादली. तलावातला ऑक्सिजन पहाटे सर्वांत कमी असतो, कारण दिवसा तो तयार करणारं वनस्पती-प्लवक रात्रभर स्वतःच श्वास घेत बसतं. त्यामुळे एरेटर बंद पडला की संवर्धकाला पहाटे तीन वाजता, चिखलात, बॅटरी दातांत धरून पळावं लागतं. आणि कोकणात वीज कधी जाते हे कोकणात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

विस्तार शिक्षणाची बादली म्हणजे प्रश्नावली. मच्छीमाराच्या दारात जाऊन विचारायचं, “काका, गेल्या वर्षी मासळी किती मिळाली?” याला किनाऱ्यावर एकच उत्तर असतं, “मासो खंय आसा आता?” या बाबतीत बँकेतला माझा अनुभव उपयोगी पडला. मी तिला सांगितलं, की उत्पन्न विचारणारा सरकारी असेल तर दर्यात मासा नसतो आणि कर्ज देणारा असेल तर दर्या मावत नाही. तिने ते चक्क वहीत लिहून घेतलं. तज्ज्ञ म्हणून माझी ही सर्वोच्च कामगिरी.

अभियांत्रिकीत मोठमोठ्या बोटी, इंजिनं, सोनार. बादलीत जाळ्याचा डोळा. ओढ बसली की शंकरपाळ्याच्या आकाराचे डोळे मिटतात आणि लहान पिल्लंही आत अडकतात. चौकोनी डोळे उघडे राहतात, पिल्लं सुटतात. हे एका वाक्यात सांगता येतं, पण पटवण्यासाठी दोन्ही जाळी ओढून, कशातून कोणत्या मापाचे किती मासे सुटले ते मोजावं लागतं. शिवाय ज्याची पिल्लं सुटणार तो नाखवा शेजारी उभा राहून बघत असतो. त्याच्या चेहऱ्यावरचे भाव प्रबंधात घेता येत नाहीत.

प्रोसेसिंगवर मात्र आईने पुन्हा दावा सांगितला. पांढरा कोट, टोपी, उणे १८ अंशांचं शीतगृह हे झालं पोस्टर. बादलीत मासा हुंगणं. मासा किती शिळा झाला हे यंत्रांनी मोजता येतं, तरी माणसांची मंडळं बसवून डोळे, कल्ले, अंगाचा ताठपणा आणि वास यांना गुण देण्याची रीत आजही आहे. आईने विचारलं, “पगार देतत?” देतात म्हटल्यावर ती थोडा वेळ गप्प झाली. सत्तर वर्षं तिने हे काम बाजारात फुकट केलं होतं, वर कोळणीच्या शिव्या खाऊन.

मग मी केमिस्ट्री काढली. समुद्री माशाच्या अंगात ट्रायमिथाइल अमाइन ऑक्साइड नावाचं द्रव्य असतं. मासा मेल्यावर जिवाणू त्याचं ट्रायमिथाइल अमाइन करतात आणि तोच तो प्रसिद्ध वास. हे द्रव्य अल्कधर्मी. त्यात आंबट पडलं की ते बांधलं जातं आणि वास दबतो. “म्हणून तू कालवणात सोलं घालतेस,” मी आईला समजावलं. आई म्हणाली, “मी चवीक घालतंय. वास येता तो मासो मी आणूकच नाय.” सायन्सवाला हे पद त्या क्षणी थोडं डळमळलं.

एवढं सगळं झाल्यावर भाचीने तिचं मत सांगितलं. तिला मत्स्यसंपत्ती व्यवस्थापन हवं होतं. त्याचं पोस्टर देखणं असतं, देवमासे वगैरे. पण तिने ते पाहिलेलंही नव्हतं. प्रात्यक्षिकासाठी तिला रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर पहाटे बांगडे मोजायला पाठवलं होतं. तोंडापासून शेपटीपर्यंत लांबी, मग वजन, मग पुढचा बांगडा. टोपली ज्या बाईची ती वैतागून विचारायची, “मोजतंस कित्याक? घेतंस काय?” सोबतची मुलं तासाभरात कंटाळली. ही मोजत राहिली. नंतर प्रयोगशाळेत तिने माशाच्या डोक्यातलं कर्णास्थी काढायला शिकून घेतलं. माशाचा तोल आणि ऐकणं सांभाळणारा हा चुन्याचा इवलासा खडा. झाडाच्या खोडात असतात तशी त्यात वलयं असतात आणि त्यावरून वय काढतात. थंड समुद्रात ती स्वच्छ दिसतात. आपल्याकडे ऋतूंमधला फरक कमी, त्यामुळे ती पुसट आणि वाचायला कठीण.

“मगे कठीण कित्याक घेतंस?” भाऊजींनी विचारलं. ते अजून सहा हजार मीटर खालून वर आले नव्हते.

“माका त्याचो कंटाळो येणा नाय, बाबा,” ती म्हणाली.

सभेत एवढं सरळ कारण कुणीच दिलं नव्हतं. आम्ही सगळे स्कोप, पगार, शतक आणि संडास यांत अडकलो होतो. आणि तिच्या बादलीला वजनही आहे. महाराष्ट्राने २०२३ साली पापलेटाला राज्य मासा केलं, कारण वीण होण्याआधीच पिल्लं पकडली जाऊन तो कमी होत चालला होता. अमुक लांबीच्या आतला मासा पकडू नये, असा नियम कागदावर येतो तेव्हा त्याच्या आधी कुणीतरी पहाटे उठून असंख्य मासे पट्टीवर ठेवलेले असतात, पोट फाडून अंडी तपासलेली असतात, आणि टोपलीवाल्या बाईचं बोलणं खाल्लेलं असतं.

आईने शेवटची शंका काढली. “मोजून झाल्यार त्या माशांचा काय करतत?”

“कापतो, आजी. आतलं बघायला.”

“कापतलंस तर नीट काप,” म्हणून अध्यक्षांनी ठराव मंजूर केला.

तेव्हा ज्यांच्या घरी एखादं पोर शाखा निवडायला बसलं आहे, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. स्कोप विचारू नका. तो दर पाच वर्षांनी बदलतो आणि तुम्हाला कळेपर्यंत संपलेला असतो. त्या शाखेतलं सगळ्यांत कंटाळवाणं काम कोणतं ते विचारा आणि पोराला ते चार दिवस करून बघू द्या. पाचव्या दिवशी ते आपणहून परत गेलं, तर विषय ठरला. आणि घरी परत आलंच, तर रागावू नका. शाखा अजून पाच आहेत, आणि खाऱ्या बांगड्यावर काढायला पूर्ण जुलै आहे.