नुसतं उभं राहण्याचा खेळ

झाड दिसलं की काहीतरी केल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. वड असेल तर दोरा गुंडाळायचा, पिंपळ असेल तर पार बांधायचा, चिंच असेल तर दगड मारायचा, आणि यातलं काहीच नसेल तर खिळा ठोकून 'गणित व इंग्रजीचे खात्रीशीर क्लासेस'ची पाटी लावायची. टेकडीवरच्या झाडांच्या नशिबी तर आमच्यासारखे पहाटे फिरायला येणारे ज्येष्ठ नागरिक असतात. ते झाडाला पाठ घासतात, मिठी मारतात, फांदीला लोंबकळतात आणि जाताना तिलाच स्वेटर अडकवून विसरतात. ज्याच्या वाटेला कुणी गेलेलंच नाही असं एक अख्खं जंगल बघायला मला अमेरिकेत, ऑरेगनला जावं लागलं; आणि तेही पाण्याखाली.

माझी भाची मृण्मयी पोर्टलंडजवळ बीव्हर्टनला असते. त्या भागात चिप बनवणाऱ्या कंपन्या आहेत, त्यामुळे वेफर म्हटल्यावर बटाटा न आठवणारी मराठी माणसं तिथे बरीच भेटतात. मृण्मयी आठवडाभर संगणकासमोर बसते आणि शनिवार-रविवारी पाण्यात बुडी मारते. मी मालवणला स्कूबाचा रीतसर कोर्स केलाय हे कळल्यापासून तिने धोशा लावला होता, "मामा, तुला क्लिअर लेक दाखवायचंय." मालवणचं पाणी कोमट, मासे रंगीत, आणि वर आल्यावर सोलकढी. या हिशेबाने मी 'हो' म्हणून मोकळा झालो.

क्लिअर लेक हे कॅस्केड पर्वतरांगेतलं, समुद्रसपाटीपासून ९१८ मीटरवरचं तळं. मॅकेंझी नदी इथूनच निघते. सुमारे ३००० वर्षांपूर्वी सँड माउंटनच्या ज्वालामुखींमधून लाव्हा वाहत आला आणि नदीच्या वाटेत आडवा पडून थिजला. पाणी तुंबलं, काठावरच्या सूचिपर्णी जंगलात शिरलं, आणि झाडं उभ्याउभ्या बुडाली. ती अजून तशीच, तिथेच उभी आहेत. हे सगळं झालं तेव्हा आपल्याकडे घोड नदीकाठी इनामगावला जोर्वे संस्कृतीची माणसं सातू पिकवत होती. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ पासून पुढची पंधरा वर्षं उत्खनन केलं, तेव्हा घरांच्या जमिनी, चुली, रांजण असं पुष्कळ हाती लागलं. पण चुलीत घालायचं लाकूड अजून अंगणात उभं आहे, असं काही कुणाला सापडलं नाही.

मी म्हणालो, "लाव्हाचं कौतुक आम्हाला नको सांगूस. अख्खा सह्याद्री लाव्हाचा आहे."

"ते ठीक आहे," मृण्मयी म्हणाली, "पण तुझा सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांचा आहे. हा लाव्हा कालचा आहे." भाची शिकली की मामाची अशीच पंचाईत होते.

खरी पंचाईत पुढे होती. तळ्याचं पाणी वर्षभर ४ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. डोंगरावरचं बर्फ वितळतं, ते पाणी सच्छिद्र लाव्हामधून काही वर्षं झिरपतं आणि गाळून, गारठून तळाच्या झऱ्यांमधून वर येतं. म्हणून ते इतकं स्वच्छ. पुढे ते साहाली आणि कूसा या धबधब्यांवरून उड्या मारत खाली जातं आणि युजीन नावाचं शहर तेच पितं. युजीनकरांना न विचारता आम्ही त्यात उतरणार होतो. अर्थात खडकवासल्याचं पाणी पिऊन वाढलेल्या माणसाने दुसऱ्यांच्या पिण्याच्या पाण्याची फार काळजी करू नये.

एवढ्या थंडीला मालवणचा पोशाख चालत नाही. इथे 'ड्रायसूट' लागतो. पाणी आत येऊ न देणारा हा अंगरखा असतो. त्याच्या आत जाड गरम कपडे घालायचे, हातात मोजे, डोक्यावर टोपरं. सगळी गोम त्याच्या गळ्यात आहे. तो रबरी गळा इतका तंग असतो की डोकं आत घातल्यावर ते पलीकडे निघेल याची खात्री फक्त बनवणाऱ्याला असते. रबरावरून डोकं सरकावं म्हणून त्याला टाल्कम पावडर लावतात. परदेशी जाताना पावडरचा डबा बॅगेत भरते म्हणून मी आमच्या हिला जन्मभर हसत आलो. तिने विजयी मुद्रेने डबा पुढे केला. मृण्मयी म्हणाली, "मामी, चंदनाची नाही चालत. वासाच्या पावडरीने रबर खराब होतं." माझी लाज थोडक्यात वाचली, गळा मात्र सुटला नाही. सराव आधीच एका तरणतलावात उरकलेला होता. तिथल्या प्रशिक्षकाने मला त्या सुटातून बाहेर काढताना पाय माझ्या खांद्याला लावला होता, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

लहानपणी गावच्या विहिरीत पोहायला शिकताना माझ्या पाठीला पत्र्याचा डबा बांधला होता, बुडू नये म्हणून. साठीच्या उंबरठ्यावर पाठीला पुन्हा डबा बांधला, या खेपेला बुडायला म्हणून. आणि नुसत्या डब्याने काही भागत नाही. कमरेला शिशाच्या वड्याही लावाव्या लागतात. समुद्रापेक्षा गोड्या पाण्यात अंग कमी तरंगतं, त्यामुळे शिसं कमी पुरतं. पण ड्रायसूटमध्ये हवा कोंडलेली असते, त्यामुळे शिसं जास्त लागतं. एका हाताने सूट द्यायची आणि दुसऱ्या हाताने अधिभार लावायचा, ही अर्थखात्याची युक्ती पदार्थविज्ञानालाही ठाऊक आहे.

काठावर बसवून मृण्मयीने मला शेवटचा उपदेश केला. "मामा, खाली गेल्यावर तू काहीही करायचं नाहीस."

"म्हणजे?"

"श्वास रोखायचा नाही. घाई करायची नाही. हात हलवायचे नाहीत, पोटाशी घडी घालून ठेवायचे. तळाला पाय लावायचा नाही. झाडाला बोट लावायचं नाही. एकदम वर यायचं नाही. बाकी मजा कर."

यातल्या प्रत्येक 'नाही'ला कारण आहे. श्वास रोखून वर आलं तर छातीतली हवा फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. हात हलवले तर दम लागतो आणि डब्यातली हवा लवकर संपते. तळाला पाय लागला तर मऊ गाळ उठतो आणि मागून येणाऱ्याला स्वतःचा हातही दिसत नाही. आणि लाकूड वरून मऊ झालेलं असतं. आपण कौतुकाने हात फिरवायचा आणि त्याची हजारो वर्षांची शिल्लक खरवडून यायची. सगळं पटलं. पण काहीही न करणं हा एकट्या माझ्या नव्हे, आमच्या अख्ख्या घराण्याच्या कुवतीचा प्रश्न होता. आमच्याकडे लग्नात वाढपी ठरवलेले असले तरी चारजण बाह्या सरसावून जिलबीचं ताट हिसकावून घेतात. गाडी बंद पडली की ज्याला यंत्रातलं काही कळत नाही तोही बॉनेट उघडून आत बघतो. 'मी काय करू?' हा आमचा प्रश्न नसतो, ते आमचं आन्हिक असतं.

उतरलो. तोंडाचा जेवढा भाग उघडा होता, तो प्रथम चावल्यासारखा झाला आणि मग आपला राहिला नाही. मग खाली पाहिलं आणि श्वास रोखायचा नाही हा नियम इतक्या ठळकपणे का सांगतात ते समजलं. तीस मीटरवरचंही स्पष्ट दिसत होतं. पायाखाली पाणी आहे असं वाटेचना. उंचावरून कुणीतरी आपल्याला हवेत सोडून दिलंय आणि पडायचं मात्र राहून गेलंय. खाली राखाडी तळ, त्यावर हिरव्यागार शेवाळाच्या चादरी, आणि त्यातून सरळ वर आलेली खोडं. फांद्या बहुतेक नाहीतच.

एका खोडाजवळ मी थांबलो. साल केव्हाच गेलेली, लाकडाच्या उभ्या भेगा उघड्या, त्यांत शेवाळाची बारीक लव. एक फांदी जिथे होती तिथे मुठीएवढी गाठ उरली होती. माझ्या नळीतून सुटलेले बुडबुडे त्या गाठीखाली अडकले, पाऱ्यासारखे चकाकत एकमेकांना भेटले, मोठे झाले, आणि गाठीला वळसा घालून वर निघून गेले. जाताना शेवाळाचे दोन कण घेऊन गेले. मी काही न करता एवढं करून बसलो होतो. नियमात श्वास सोडायला मात्र परवानगी असते.

ही झाडं टिकली कशी, याचं उत्तर त्या गारठ्यात आहे. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला हवा लागते आणि जंतूंना ऊब. इथे दोन्हींची बोंब. शिवाय समुद्रात लाकूड पोखरणारे प्राणी असतात, जुन्या होड्यांची ते चाळण करतात. मालवणच्या पाण्यात हे जंगल केव्हाच फस्त झालं असतं. कझाकस्तानातल्या कैंडी तळ्यातही अशीच झाडं आहेत. १९११ च्या भूकंपात कडा कोसळला, दरी अडली आणि स्प्रूस बुडाले. ते पाण्याबाहेर बोडके आहेत आणि पाण्याखाली अजून सुयांसकट उभे आहेत. आपल्याकडे बुडालेल्या गोष्टींचं दर्शन घ्यायला डबा बांधावा लागत नाही. उजनीचं पाणी आटलं की पळसदेवचं देऊळ आपणच वर येतं आणि मग माणसं भेळ घेऊन भेटायला जातात.

तळ्यात यांत्रिक बोटींना बंदी आहे, म्हणून आमची ही वल्ह्याची होडी भाड्याने घेऊन वर फिरत होती. पारदर्शक पाण्याचा तोटा मला वर आल्यावर कळला.

"अहो, हात हलवत होतात तुम्ही," ती म्हणाली. "दोनदा. आणि त्या मोठ्या झाडापाशी एवढा वेळ काय करत होतात?"

"काही नाही."

"तेच म्हणते मी."

पाण्याखाली दहा मीटरवर नवऱ्याला एकांत मिळत नसेल, तर त्या तळ्याच्या नावात अतिशयोक्ती नाही हे मान्य करायला हवं.

मला वाटलं, आता गाडीत बसून निघायचं. तेवढ्यात मृण्मयीने नायट्रोजन काढला. हवेचा सुमारे ७८ टक्के भाग असलेला हा वायू शरीरात काहीच काम करत नाही. आत येतो, बसतो, जातो. पण दाबाखाली तो रक्तात आणि चरबीत मुरतो, आणि दाब झपाट्याने कमी झाला तर त्याचे बुडबुडे होऊन सांधे धरतो, कधी त्याहून वाईट. डोंगरावर हवेचा दाब मुळातच कमी, म्हणून तिथल्या बुडीचे हिशेब समुद्रापेक्षा वेगळे मांडतात. आणि पोर्टलंडकडे परतायचा रस्ता तळ्यापासून आधी आणखी वर चढतो. तेव्हा तो वायू निवांत बाहेर पडेपर्यंत काठावर बसायचं. वजन उचलायचं नाही, धावायचं नाही, टेकडी चढायची नाही. पाण्यात काही करायचं नाही, बाहेर आल्यावरही काही करायचं नाही, आणि हे सगळं काहीही न करणाऱ्या एका वायूच्या मर्जीसाठी. पुढची चाळीस मिनिटं मी थर्मासमधला चहा प्यायलो आणि शिशाच्या वड्या या दोघी गाडीत टाकताना तटस्थपणे पाहत राहिलो. वैद्यकीय कारणाने आळस करता येतो, हा अनुभव माझ्या आयुष्यात फार उशिरा आला.

पुण्याला परत आल्यावर मी हे तत्त्वज्ञान अंगी बाणवायचं ठरवलं. सोसायटीच्या बैठकीत पाण्याच्या टाकीवरून भांडण जुंपलं, मी हाताची घडी घालून बसलो. शेजाऱ्यांची स्कूटर चालू होईना, मी गॅलरीतून नुसतं पाहिलं. घरातला फ्यूज उडाला, मी स्टुलावर चढलो नाही; आणि वायरमनने येऊन तो पाच मिनिटांत बसवला, हे विशेष. शेवटी एका सकाळी हिने विचारलं, "अहो, माळ्यावरचे डबे काढून देणार होतात ना? काय चाललंय तुमचं?"

मी म्हणालो, "टिकतोय. ती झाडं आठव. ३००० वर्षं काहीही न करता नुसती उभी आहेत, म्हणून टिकली."

"नुसती उभी राहून नाही टिकली," ती म्हणाली, "गार पाण्यात राहून टिकली." आणि आत जाऊन तिने गीझर बंद केला.