मार्चअखेरची खरेदी

आपल्या कंपन्यांत संगणकांचं बजेट गरजेवर नाही, कॅलेंडरवर ठरतं. वर्षभर ‘पुढच्या तिमाहीत बघू’ म्हणून धूळ खात पडलेली फाइल वीस मार्चला एकदम ‘अर्जंट’ होते. पैसे संपवले नाहीत, तर पुढच्या वर्षी तेवढेही मिळणार नाहीत ना! शिवाय आयकरात संगणकावर ४० टक्के घसारा आहे. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला तर निम्मा, पण वस्तू वापरात आलेली हवी. म्हणून ३१ मार्चच्या संध्याकाळी एक खोकं फुटतं, स्क्रीनवर गणपती येतो, की झाला वापर सुरू. बाकीची खोकी दिवाळीपर्यंत जिन्याखाली.

प्राधान्यक्रमही ठरलेला. साहेबांनी कुठल्याशा परिषदेत ‘एआय’ ऐकलं, की त्याला मंजुरी चहा येण्याआधी. यूपीएसच्या बॅटऱ्यांसाठी मात्र तीन कोटेशनं, वर ‘अजून चालतायत ना?’ हा प्रश्न. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ती तारीख कित्येक वर्षं आधी जाहीर होती. तरी कित्येक ठिकाणी ती ‘अचानक उद्भवलेला खर्च’ म्हणून नोंदली गेली असणार. (लेखापालांच्या कल्पनाशक्तीला साहित्यात कुणी विचारत नाही, हा अन्यायच.)

आणि बॅकअप? तो ‘इतर’ खाली, स्टेशनरीच्या शेजारी. कात्री लागते ती आधी तिथेच. तुमच्या कचेरीतला बॅकअप शेवटचा कधी परत उतरवून पाहिला होता, एवढं उद्या विचाराच.